पहिलं ‘नको’

शनिवारी सकाळी आठ वाजून गेले होते, नऊ व्हायचे होते, तेवढ्यात एनिड ग्रीनवुडनं शेजारच्या जॉइसचं मागचं दार ढकललं आणि ती थेट स्वयंपाकघरात शिरली. टकटक नाही, ‘येऊ का’ नाही, काही नाही. आमच्या थॉर्नले गावात कुणी कुणाकडे असं घुसलं तर कुणीतरी गेलं असंच समजायचं, त्यामुळे जॉइसच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

“कुणी गेलेलं नाही. जायला निघालेत,” एनिड म्हणाली आणि धपकन खुर्चीत बसली. तिच्यामागून आलेला तिचा कुत्रा नेल्सन टेबलाखाली जाऊन बसला.

“कोण निघालेत?”

“ब्रॅम्बलचे ते.”

ब्रॅम्बल ही लांब तंगड्यांची, करड्या रंगाची कुत्री. तिचे ‘ते’ म्हणजे एक उंच, सडपातळ, टोपीवाले विधुर गृहस्थ. रोज सकाळी कालव्याच्या काठाला ते ब्रॅम्बलला घेऊन येत आणि एनिड आपल्या ढेरपोट्या नेल्सनला घेऊन जाई, याला चार वर्षं होऊन गेली होती. बाकापासून पुलापर्यंत दोघं बरोबर चालत. बोलणं हवेचं. पण हवेच्या आडून माणूस पुष्कळ काही बोलतो. त्यांची बायको गेली त्या आठवड्यात किती धुकं होतं, हे त्यांनी सांगितलं होतं. एनिडचा नवरा पाऊस आला की न्हाणीघरात बसून शिटी वाजवायचा, हे तिनं सांगितलं होतं आणि सांगताना ती रडलीही होती, तेव्हा ते पाठ करून बराच वेळ बदकं बघत उभे राहिले होते. बाईमाणसाला सावरायला वेळ द्यायची ही आमच्याकडची रीत आहे.

एवढं सगळं झालं, पण नाव म्हणाल तर माहीत नाही. पहिल्या दिवशी कुत्र्यांची ओळख झाली, माणसांची राहून गेली. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर खपून गेलं असतं. महिन्याभरानं विचारायचं म्हणजे ‘इतके दिवस तुम्ही कोण याची मला फिकीर नव्हती’ असं तोंडावर सांगायचं. आणि चार वर्षांनी? चार वर्षांनी विचारण्यापेक्षा कालव्यात उडी मारलेली बरी, असं एनिडचंच नव्हे, अख्ख्या थॉर्नलेचं मत पडलं असतं.

“कुठं निघालेत?” जॉइसनं विचारलं.

“फायलीला. आत्ता, नऊच्या बसनं. बहिणीनं समुद्राजवळ एक बंगली बघून ठेवलीय म्हणे. काल म्हणाले, आवडली तर आजच हो म्हणून टाकेन.”

“मग ते तिकडेच राहायला जाणार?”

“तिकडेच. ब्रॅम्बलला घेऊन.” एनिडचा आवाज चिरका झाला. “आणि जॉइस, पुढं म्हणाले, ‘मला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही. तुम्हाला दुसरं काही काम नसलं तर, म्हणजे अगदी सहजच, आलात तर…’”

“तर?”

“तर एवढंच. मग टोपी काढली आणि परत घातली.”

जॉइसनं टोस्ट बशीत ठेवला. “अगं बाई, ही तर मागणीच झाली की.”

“ते काय मला कळलं नाही?”

“मग काय म्हणालीस?”

एनिडनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांमधून बोलली. “म्हटलं, नको नको, तुमच्या बहिणीला उगाच त्रास.”

जॉइसनं कपाळाला हात लावला.

आता यात एनिडचं काय चुकलं? आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो अधाशी. केकचा तुकडा असो, गाडीतली जागा असो, पहिलं ‘नको’ हे म्हणायचंच असतं, आणि विचारणाऱ्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पुन्हा विचारायचं असतं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण मेल्या आमच्याच गावात दुसरीही एक रीत आहे, की भल्या माणसानं बाईच्या मागं लागू नये. एनिडनं पहिली रीत पाळली, त्यांनी दुसरी पाळली, आणि दोन शहाण्या माणसांनी मिळून स्वतःच्या पायावर छान धोंडा पाडून घेतला.

“ते काय म्हणाले मग?”

“म्हणाले, ‘अर्थातच, अर्थातच. तुम्हाला कामं असतील.’ आणि आभाळ भरून आलंय म्हणाले. आभाळ स्वच्छ होतं गं.”

“आणि तू त्यांना जाऊ दिलंस.”

“मला वाटलं, पुलापर्यंत जाताना पुन्हा विचारतील. नाही विचारलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. आज सकाळी कालव्यावर तासभर थांबले, आले नाहीत. घर कुठं ते माहीत नाही, नाव माहीत नाही. कुणाच्या दारात जाऊन काय विचारू?”

जॉइस उठली. तिनं एनिडच्या कोटाची बटणं लावायला घेतली, लहान मुलीची लावावीत तशी. “घर कशाला हवंय? बस कुठून सुटते ते माहीत आहे ना? बाजार चौकात जा आणि सांग, मला यायचंय.”

“असं? तोंडावर?”

“मग काय, पाद्रीबुवांकडून निरोप धाडणार आहेस? चार वर्षं हवा सांगितलीस त्यांना, आता एकदा स्वतःचं सांग. नेल्सन राहू दे इथं. पळ.”

एनिडचं वय पळायचं राहिलं नव्हतं, पण ती पळाली. छातीत धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर ती सगळी भीतीच नव्हती. चढणीचा दगडी रस्ता उतरताना तिला चक्क हसू येत होतं. हॅट एका बाजूला कलली होती, केस सुटले होते, आणि आपण कशा दिसतोय याचा विचार करायला तिला वेळच मिळत नव्हता. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

चर्चच्या कोपऱ्यावर पाद्रीबुवा आडवे आले. त्यांनी हॅटला हात लावला.

“सुप्रभात, मिसेस ग्रीनवुड. तशी बरी उघडीप आहे, पण वाऱ्यात जरा गारवा…”

“नंतर,” एनिड म्हणाली आणि त्यांना वळसा घालून निघून गेली.

बस्स, एवढंच, ‘नंतर’. गारवा नाही की वारा नाही. पाद्रीबुवा हॅटला हात लावलेल्या अवस्थेतच उभे राहिले. पुढं कित्येक रविवार लोक आपापसात ही गोष्ट सांगत होते, आणि सांगणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू.

चौकात बस लागलेली होती. दार उघडं होतं, ड्रायव्हर पायरीपाशी उभा राहून तिकिटं बघत होता आणि बसच्या दारापासून पार खाटकाच्या दुकानापर्यंत रांग लागली होती. उन्हाळ्यातला शनिवार, समुद्राची बस, मग गर्दी होणारच. एनिडनं रांगेवरून नजर फिरवली. ते अगदी पुढं होते. त्यांच्यापुढं एकच बाई, मग ते. हातात छोटी बॅग, ब्रॅम्बलला बहुधा शेजारी ठेवलेलं. पुढची बाई पायरी चढत होती.

एनिड रांगेच्या कडेनं पुढं निघाली.

आमच्याकडे माणूस बायकोला सोडून गेला तर लोक दोन्ही बाजू ऐकून घेतात. रांग मोडणाऱ्याला दुसरी बाजू नसते. पहिल्यांदा कुणीतरी खाकरलं. मग कुणीतरी ‘काही लोकांना ना’ असं हवेला उद्देशून म्हटलं. एका मिशाळ गृहस्थांनी छत्री किंचित आडवी धरली.

“माफ करा हं, मॅडम. रांगेचं शेपूट तिकडे आहे.”

“माफ करा. मला बसमध्ये चढायचं नाहीये.”

“सगळे असंच म्हणतात,” ते म्हणाले. त्यांनीही माफी मागितली, पण छत्री काही हलवली नाही.

तिकडे ड्रायव्हरनं हात पुढं केला होता आणि ब्रॅम्बलचे ते खिशातून तिकीट काढत होते. एक पाय पायरीवर. आता ओरडल्याशिवाय इलाज नव्हता, पण ओरडायचं काय? चार वर्षांच्या सभ्यपणाचं फळ हे, की माणूस नजरेसमोरून चाललाय आणि हाक मारायला नाव नाही.

“अहो,” एनिड ओरडली. “अहो, ब्रॅम्बलचे!”

अख्खा चौक वळला. खाटीक दुकानाबाहेर आला. ते पायरीवरच थांबले, हळूच वळले आणि त्यांनी तिला बघितलं, सुटलेले केस, कललेली हॅट, छत्रीच्या पलीकडे लालबुंद झालेला चेहरा.

“मला यायचं होतं,” एनिड म्हणाली. इतक्या लांबून बोलायचं म्हणजे मोठ्यांदा बोलावं लागलं, आणि रांगेतल्या एकूण एक माणसानं ते ऐकलं. “काल मी नको म्हटलं ना, ते तसं नको नव्हतं. तुम्ही पुन्हा विचाराल असं वाटलं मला.”

मिशाळ गृहस्थांनी छत्री खाली केली आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

मग ब्रॅम्बलच्या त्यांनी जे केलं ते थॉर्नलेनं त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं. पुढच्या जागेवर तिला बोलावून घेतलं असतं तर ती रांगेची चोरी झाली असती, तेवढं त्यांना कळत होतं. म्हणून ते पायरीवरून उतरले. ड्रायव्हरला ‘माफ करा’ म्हणाले, मागच्या प्रत्येकाला ‘तुम्ही या पुढं, माफ करा’ म्हणाले, आणि सकाळी सातपासून धरून ठेवलेला नंबर सोडून रांगेच्या कडेनं उलटं चालत एनिडपाशी आले. मग दोघं खाटकाच्या दुकानासमोर, अगदी शेवटी, जाऊन उभे राहिले.

एनिडला धाप लागली होती.

“वाऱ्यात गारवा आहे,” ते म्हणाले. “तुम्ही मफलर आणला नाहीत, एनिड.”

तिनं झटकन मान वर केली. “तुम्हाला माझं नाव माहीत आहे?”

“पहिल्याच आठवड्यात पोस्टातल्या बाईंना विचारलं होतं.” ते कानापर्यंत लाल झाले. “पण तुम्ही स्वतः सांगितलेलं नव्हतंत. न दिलेलं नाव कसं वापरणार? वाट बघत होतो.”

“चार वर्षं?”

“लवकर लवकर विचारणं बरं दिसलं नसतं.”

एनिडला हसावं की या माणसाला धरून गदागदा हलवावं, ते कळेना. “आणि तुमचं?”

“विल्फ्रेड.”

रांग सरकत होती. एकेक माणूस चढत होता आणि प्रत्येक जण चढण्यापूर्वी मागं वळून, न बघितल्यासारखं करून, बघत होता. मिशाळ गृहस्थ चढताना हॅट काढून गेले. शेवटी दोघं पायरीशी पोचले, तेव्हा ड्रायव्हरनं आत मान घालून मोजलं.

“एकच जागा आहे,” तो म्हणाला. “दोघांतलं एक कोणीतरी. पुढची बस पुढच्या शनिवारी.”

“तुम्ही जा,” एनिड म्हणाली. जिभेला वळणच तसं होतं, त्याला ती काय करणार.

“छे छे, तुम्ही जा. समुद्र बघून या.”

“मी एकटी जाऊन काय करू? तुमचं घर, तुमची बहीण. तुम्ही जायलाच हवं.”

“तेही आहे म्हणा,” विल्फ्रेड सावकाश म्हणाले. “बहीण स्टेशनवर… म्हणजे स्टँडवर वाट बघत असेल. बरं नाही दिसणार.” आणि त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

ड्रायव्हर थांबला होता. बसच्या काचांना आतून नाकं चिकटली होती. एनिडला स्पष्ट दिसलं, की हा माणूस आता केवळ सभ्यपणापायी पायरी चढणार, सभ्यपणापायी ती बंगली घेणार आणि सभ्यपणानं समुद्राकाठी मरून जाणार, आणि आपण इथं हात हलवून ‘प्रवास सुखाचा होवो’ म्हणणार.

“नका जाऊ,” ती म्हणाली.

“अं?”

“जा म्हटलं ते खोटं होतं. नका जाऊ. आज नाही आणि पुढच्या शनिवारीही नाही. तुम्ही गेलेलं मला सोसायचं नाही, विल्फ्रेड.”

थॉर्नलेत भर चौकात, दिवसाढवळ्या, बाईनं पुरुषाला असं सांगितलं. खाटीक आत निघून गेला, कारण त्याला लाज वाटली. विल्फ्रेडनी टोपी काढली. या वेळी ती त्यांनी परत घातली नाही.

“निघा तुम्ही,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “बहिणीला फोन करीन मी. तशी ती बंगली मला फारशी पसंत नव्हतीच.”

“तुम्ही ती बघितलेलीसुद्धा नाही,” एनिड म्हणाली.

“नाही. पण नव्हती पसंत.”

बसचं दार लागलं. बस चौकाला वळसा घालून गेली, आतली सगळी तोंडं काचेला लागलेली, आणि ही दोघं रिकाम्या थांब्यावर रांगेसारखीच एकामागं एक उभी. मग विल्फ्रेड वळले आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. घसा खाकरला.

“एनिड, उद्या रविवार. मी एकटाच असतो. भाजलेलं मटण आणि बटाटे, एवढंच जमतं मला, आणि रस्सा पातळ होतो. जेवायला याल का?”

एनिडच्या ओठावर ‘नको नको, तुम्हाला कशाला त्रास’ येऊन उभं राहिलं होतं. साठ वर्षांची सवय ती. तिनं ते गिळलं.

“येईन,” ती म्हणाली. “किती वाजता?”