सी-थ्री वर गेलं!

बाबा शाळेच्या फाटकाशी उभे होते, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"रिपोर्ट आला. आकडा वाढलाय गं. तुझ्या सरांना फोन करून टाकला, उद्या गोलमध्ये दुसरी मुलगी उभी करा म्हटलं."

माझं तर धाबंच दणाणलं. उद्या हँडबॉलची फायनल! ल्युपस नावाच्या आजारापायी दोन वर्षं मी बाकावर बसून टाळ्या पिटल्या होत्या. यंदा कुठे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "रक्ताने हो म्हटलं तर मीही हो म्हणेन."

"रिपोर्ट द्या इकडे."

"डॉक्टर बघतील ना."

"रक्त कुणाचं, बाबा?"

दिला एकदाचा. मी वाचला, आणि भर रस्त्यात अशी किंचाळले की सायकलवाला पडता पडता वाचला.

"अहो बाबा, हे सी-थ्री आहे! हे वाढायलाच हवं!"

बाबांचं तरी काय चुकलं? ते कारखान्यात बॉयलर सांभाळतात. काटा वर चढला की पळायचं, हे वीस वर्षं अंगात मुरलेलं. पण ल्युपसमध्ये शरीराचं सैन्य घरच्यांवरच तुटून पडतं आणि त्या हाणामारीत सी-थ्री नावाचं प्रथिन खर्ची पडतं. भांडण पेटलं की ते खाली, निवलं की वर. माझं चोपन्नवरून अठ्ठ्याण्णव! भांडखोर अँटीबॉडी मात्र दोनशे दहावरून पस्तीसवर.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझे सांधे दाबून पाहिले, लघवीचा रिपोर्ट पाहिला, रक्तदाब मोजला. नुसत्या आकड्यांवर त्या कध्धी भाळत नाहीत. मग हसल्या. "स्टेरॉईड थोडं कमी करू. बाकी गोळ्या चालूच. आणि खेळ, बाई, खेळ!"

बाहेर येऊन बाबांनी सरांना फोन लावला. "सर, मघाचं विसरा. नाही नाही, पोरगी ठणठणीत आहे, माझंच डोकं तपासायला हवं... काय? त्या दुसऱ्या मुलीला शब्द दिलात?"

मी फोन हिसकावला.

"सर, मी आत्ता सरावाला येते. आम्हा दोघींच्या गोलवर दहा-दहा फटके मारा. जास्त अडवेल ती उद्या उभी राहील."

"आणि हरलीस तर?"

"तर तिच्यासाठी घसा फुटेस्तोवर ओरडेन. सवय आहे मला."

सर खो खो हसले. "ये लवकर, आगाऊ कुठली!"

तिने सात अडवले. नऊ फटक्यांत माझेही सात अडवून झाले होते. दहावा फटका सणसणत आला आणि थाडकन माझ्या मांडीवर बसला. आठ!

आई गं, कसला झोंबला! मांडी लालबुंद. मी तिथेच फतकल मारून खदाखदा हसत सुटले. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं काहीतरी दुखत होतं, ज्याचं कारण शोधायला कुणाला सुई टोचावी लागणार नव्हती.