सहा हजार दोनशे पावलं

तावोंगाने कुमवेंडा मास्तरांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, नळी सरळ केली आणि कळ दाबण्याआधी नेहमीचं वाक्य म्हटलं.

"पाच मिनिटं गप्प बसायचं, मास्तर. पाय जमिनीला टेकवून."

"गप्प बसायचं आता मला शिकवायला नको," मास्तर म्हणाले. "घरात बोलायला आहे कोण?"

तावोंगा हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. मास्तरांची बायको न्याचिर्वा जाऊन एकोणीस दिवस झाले होते. सकाळी चुलीपाशी कसाव्याच्या कंदाचं पीठ ढवळता ढवळता ती कलंडली आणि दवाखान्याची गाडी येण्याआधीच संपली. ओट्यावर तिचं नेसायचं कापड अजून दोरीला तसंच लटकत होतं, निळ्यावर पिवळे मासे असलेलं.

गेल्या वर्षी सरोवराकाठच्या अकरा गावांतल्या पन्नाशीपुढच्या दोन हजार माणसांनी, तावोंगा जिच्या नोंदी घ्यायला घरोघर फिरायची त्या चाचणीसाठी, आपणहून नावं दिली होती. पाहायचं होतं ते साधंच. रोज सकाळी तासभर चाललं तर रक्तदाब उतरतो का, माणूस धडधाकट राहतो का. निम्म्यांनी चालायचं, निम्म्यांनी जसं चाललंय तसंच राहायचं. कुणी काय करायचं ते चिठ्ठी ठरवणार. चर्चच्या पडवीत डबा फिरला तेव्हा न्याचिर्वाला हिरवी चिठ्ठी निघाली, मास्तरांना पांढरी. "मी आहे तसाच राहणार हे सांगायला चिठ्ठी कशाला हवी?" असं मास्तर म्हणाले होते आणि सगळी पडवी हसली होती. मास्तर चर्चचे वडीलधारे. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. त्यांचा शब्द त्यांनी स्वतःसुद्धा कधी मोडला नव्हता.

यंत्राने दोनदा आकडा दाखवला. रक्तदाब वाढला होता. तावोंगाने लिहून घेतला.

"आता हे," मास्तर म्हणाले आणि खिशातून त्यांनी न्याचिर्वाचं पावलं मोजायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. काड्यापेटीएवढं, कमरेला खोचायचं. "परत न्यायचं असेल ना तुला?"

"हो."

"याची कळ दाबली की मागच्या तीस दिवसांचे आकडे दिसतात. रोज एक नवा दिवस आला की जुना एक पुसला जातो. म्हणून मी उतरवून ठेवले." त्यांनी शाळेतली जुनी वही उघडली. फळ्यावरच्यासारख्या देखण्या अक्षरात आकडे एकाखाली एक मांडलेले होते. "सहा हजार दोनशे बारा. सहा हजार एकशे अठ्ठ्याण्णव. सहा हजार दोनशे पाच. बघ. उगाच भटकणाऱ्या माणसाचे आकडे असे येत नाहीत. ती रोज एकाच ठिकाणी जायची."

तावोंगाने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"कुठे जायची?" मास्तरांनी विचारलं.

"मला सांगता येणार नाही, मास्तर."

"सांगता येणार नाही म्हणजे तुला माहीत आहे."

पहिल्याच भेटीत 'कोणत्या वाटेने चालता' हा प्रश्न आला तेव्हा न्याचिर्वाने दाराकडे पाहून आवाज खाली आणला होता. नदीवरचा बांबूचा पूल ओलांडून ती मुलीकडे जात असे. होड्या बांधणाऱ्या एका माणसाची दुसरी बायको म्हणून ती मुलगी सहा वर्षांपूर्वी निघून गेली, आणि मास्तरांनी भर चर्चमध्ये सांगितलं होतं की आपल्याला मुलगी नाही. न्याचिर्वालाही त्यांनी तो पूल ओलांडायचा नाही असं बजावलं होतं. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटल्यावर हे काही विचारत नाहीत," ती म्हणाली होती. "तू नाही ना सांगणार, पोरी?" तावोंगाने शब्द दिला होता. तसा नियमही होता. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, माणूस गेल्यावरही नाही.

"हे यंत्र माझ्याकडे महिनाभर राहू दे," मास्तर म्हणाले.

"तुमची चिठ्ठी पांढरी आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्ही चाललात तर मला ते लिहावं लागेल."

"लिही की. खोटं लिही असं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही." त्यांनी वही जवळ ओढली. "मग मला काढून टाकाल?"

"नाही. ज्याची जी चिठ्ठी निघाली त्याच गटात तो शेवटपर्यंत मोजला जातो. नेमून दिलेलं केलं तरी, नाही केलं तरी."

"आणि मेला तरी?"

"मेला तरी."

मास्तरांनी वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला. "म्हणजे ती अजून चालणाऱ्यांतच आहे," ते म्हणाले.

तावोंगाने कागदावर मृत्यूची तारीख भरली. खाली 'यंत्र परत घेतले' या ओळीपुढे ती बराच वेळ थांबली, आणि 'नाही' असं लिहिलं.

शहरातल्या कचेरीत तिला याबद्दल बोलणी बसली. मेलेल्या माणसाचं यंत्र पांढऱ्या चिठ्ठीवाल्याकडे ठेवून यायचं म्हणजे काय, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. चूक माझी आहे, एवढंच ती म्हणाली.

महिन्याने ती पुन्हा आली तेव्हा मास्तर ओट्यावर बसले होते. दाढी केलेली होती. पायांतल्या वहाणांना तांबडी माती लागली होती. त्यांनी न सांगता बाही वर केली.

"आधी प्रश्न," तावोंगा म्हणाली. "या महिन्यात रोजच्या वागण्यात काही बदल?"

"आहे. लिही."

ती पेन धरून बसली. मास्तर अंगणाकडे बघत बोलू लागले.

"आधी सरोवराच्या बाजूने गेलो. सहा हजार दोनशेचे अर्धे एकतीसशे, तिथून ती परत फिरत असणार. एकतीसशे पावलांवर बघतो तर नुसते मासे वाळवायचे मांडव. दुसऱ्या दिवशी बाजाराची वाट धरली, तर पिठाच्या गिरणीच्या कितीतरी पुढे गेलो. मग लक्षात आलं, माझं पाऊल लांब आहे. तिचं केवढं होतं, मला माहीतच नाही. चाळीस वर्षं ती माझ्या मागून चालली. मी कधी वळून पाहिलं नाही."

"मग?"

"तिचं कापड नेसलो."

तावोंगाने मान वर केली. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"घोट्यापर्यंत, घट्ट. बायका नेसतात तसं. त्यात पाऊल तेवढंच पडतं, जास्त पडत नाही. पहाटे निघालो तरी लोकांनी पाहिलंच. शेजारची न्याम्हांगो तर हातातली बादली खाली ठेवून बघत राहिली. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. बाजाराकडे जाऊन पाहिलं, आकड्याचा मेळ बसला नाही. मग एकच वाट उरली. खरं तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ती कुठली. म्हणून तर बाकीच्या आधी धुंडाळल्या."

त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"पुलावर पोचलो तेव्हा सत्तावीसशे झाली होती. तिथून परत फिरलो. चार दिवस रोज पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. पाचव्या दिवशी धुकं होतं. म्हटलं, कोण बघतंय, आणि गेलो पलीकडे. ती अंगण झाडत होती. तिने लांबून हे कापड येताना पाहिलं, आणि झाडू टाकून धावत सुटली, पोरी. मातीत पुरलेल्या माणसाकडे कुणी धावत येतं का? पण ती आली. जवळ आल्यावर थांबली. मी आहे हे दिसलं तिला."

मास्तरांनी हाताने तोंड पुसलं.

"फळ्यापुढे उभं राहून मुलाला उत्तर येऊ नये, तसा उभा राहिलो. तीही उभी. मग माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, 'बाबा, उलटं नेसलात. मासे खाली डोकं करून आहेत.'"

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती. तावोंगाचा हात कागदावर होता, पण तिला ओळी नीट दिसत नव्हत्या. 'बदल' या शब्दापुढे तिने 'चालणे, रोज' असं लिहिलं. पट्टा गुंडाळून, पाच मिनिटं मोजून, तिने आकडा घेतला. थोडासा उतरला होता, फार नाही. तोही तिने होता तसाच लिहिला.

"अजून एकच प्रश्न," ती म्हणाली. "दिवसातलं मुख्य जेवण कुणाबरोबर घेता? नाव आणि नातं."

मागच्या वेळी या ओळीत तिने 'कुणी नाही' असं भरलं होतं. मास्तरांनी वहाणा पायात सारल्या. उन्हं अजून कोवळी होती, पुलापर्यंत जायला वेळ होता.

"लुसुंगु," ते म्हणाले, आणि शाळेत शुद्धलेखन घालावं तसं एकेक अक्षर सावकाश सुटं करून पुन्हा उच्चारलं.

तावोंगाने नाव लिहिलं. पुढची जागा तिला भरता आली असती, तरी ती थांबली.

"नातं?"

"मुलगी," मास्तर म्हणाले. "लिही. माझी मुलगी."