तिसऱ्या डोळ्याचं शूटिंग

माणसाच्या कपाळात तिसरा डोळा असतो. आमच्या शाळेच्या दृक्‌श्राव्य खोलीत तो भरदुपारी उघडला आणि त्याचं शूटिंग मी केलं. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे पुरावा भक्कम होता.

तिसरा डोळा उघडण्याच्या शिबिराचा शेवटचा दिवस होता आणि खोली पालकांनी खचाखच भरली होती. डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधलेली मुलं एकेक करून पुढे येत, हातातलं कार्ड पोटाशी धरत आणि वाचून दाखवत. "झाड!" टाळ्या. "जहाज!" आणखी टाळ्या.

"डोळे हा नुसता दरवाजा," प्रशिक्षक म्हणाले. "आपण खिडकी उघडतोय. कंपनं जाणवताहेत ना?"

पालकांना जाणवत होती. मलाही पायात जाणवली. ट्रायपॉड मोडला होता, म्हणून बुटक्या स्टुलावर कॅमेरा ठेवून मी उकिडवा बसलो होतो. पायाला मुंग्या आल्या होत्या.

एकच मूल नापास झालं. माझं. धाकटीला जवळचं दिसत नाही, जाड भिंगांचा चष्मा लागतो. तो प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. "कुबडी टाकल्याशिवाय चालायला कशी शिकणार?" चष्मा सुटणार म्हणून बायको खूश आणि बायको खूश म्हणून मी. तेव्हापासून पोरीला पुस्तक वाचता येत नव्हतं, रोज डोकं दुखायचं. तिने कार्ड पोटाशी धरलं. मग म्हणाली, "अंधूक आहे."

"श्रद्धा कमी पडते," प्रशिक्षक हळहळले. "घरात कोणी शंकेखोर?"

सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. माझ्या विज्ञाननिष्ठेची आयुष्यात पहिल्यांदा जाहीर दखल घेतली गेली, तीही चुकून.

"व्हिडिओ झकास करा हं सर," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. एडिटिंग करताना प्रत्येक मुलाच्या नाकाशेजारी काहीतरी चमकताना दिसलं. मला वाटलं, लाइट चुकला. त्या जागी मी सोनेरी अक्षरांत 'अंतर्ज्ञान' चिकटवलं आणि मागे संथ संगीत सोडलं.

पुढच्या तासाला विषय होता 'व्हिडिओ कसा बनवावा'. नमुना म्हणून अर्थातच माझी कलाकृती. "खाली मूळ चित्र, त्यावर अक्षरं, मग संगीत," मी ऐटीत समजावत होतो.

"सर," धाकटी म्हणाली. शाळेत बाबा म्हणायचं नाही, असं मीच बजावलंय. "ती अक्षरं काढा ना."

"का? चांगली नाहीत?"

"त्यांच्याखाली डोळे आहेत."

अक्षरं काढली. पडद्यावर हनुवट्या वर केलेली मुलं, पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट आणि त्या फटीतून थेट कार्डावर खिळलेले डोळे. पालकांनी समोरून पाहिलं होतं, कॅमेऱ्याने खालून. आणि मी दोन्हीकडून.

"आम्हाला वाटलं, असंच करायचं असतं," मागच्या बाकावरून एक जण पुटपुटला.

"मग तू का नाही बोललीस?" मी धाकटीला विचारलं.

"बोलले की! अंधूक आहे म्हटलं. कशातून अंधूक, ते कोणी विचारलंच नाही. तिसऱ्या डोळ्याला कशाला लागेल चष्मा?"

संध्याकाळी पालकांना बोलावलं. पट्टी बांधून मीही 'जहाज' वाचलं. टाळ्या पडल्या, सवय वाईट. मग मुलांना कार्ड कपाळासमोर धरायला सांगितलं. तिसऱ्या डोळ्याला ती जागा सोयीची पडायला हवी. एकालाही अक्षर वाचता येईना.

"वातावरण दूषित झालंय," म्हणत प्रशिक्षकांनी कार्डं गोळा केली.

"ती कार्डं न्या," बायको म्हणाली, "पण आधी पोरीचा चष्मा द्या!"

तेव्हा मंडळी, टाळ्या वाजवण्याआधी कार्ड जरा वर धरून बघा. आणि मूल 'दिसत नाही' म्हणालं, तर त्याची श्रद्धा तपासू नका, डोळे तपासा.

धाकटीचे आम्ही तपासून घेतले. नंबर होता तोच आहे.