म्हातारीची चावी

काकांच्या गाडीला सगळी गल्ली ‘म्हातारी’ म्हणायची, आणि म्हातारी फक्त काकांचं ऐकते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फिकट बिस्किटी रंग, चौकोनी तोंड, दारं लावली की भांड्यांची मांडणी पडल्यासारखा आवाज. असल्या गाड्या बनवणं कंपनीनं केव्हाच सोडून दिलं होतं. काकांनी ती घेतली तीच मुळी वापरलेली, आणि आधीच्या मालकानं सोबत एकच चावी दिली. तीही नकलेवरून काढलेली नक्कल. पण काकांनी ती अशी जपली की विचारू नका. आंघोळीला जातानासुद्धा साबणाशेजारी नेऊन ठेवतात, असं काकू चेष्टेत सांगायच्या. चेष्टेत म्हणजे, निम्मं खरं होतं.

तर ती चावी गेली. बाहेर जायला निघालेले काका अंगणाच्या ओल्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि हातातली चावी उडाली ती थेट फाटकाबाहेरच्या गटारात. रुग्णवाहिका येईपर्यंत हा माणूस स्वतःच्या पायाबद्दल अवाक्षर बोलला नाही. “चावी बघा रे, आधी चावी बघा,” एवढंच. शेजाऱ्यांना वाटलं, डोक्यालाही मार लागलाय. त्यांनी बिचाऱ्यांनी काठीनं गटार ढवळून पाहिलं, पण चिखलाशिवाय काही वर आलं नाही. म्हातारी अंगणात कुलूपबंद उभी राहिली.

ऑपरेशन झालं, काका घरी आले. आता एक दिवसाआड व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यायचं. टॅक्सीवाले अरुंद गल्लीत शिरायला तयार नाहीत. एखादा शिरलाच तर त्याच्या बुटक्या सीटवर काकांना बसता येत नाही. आणि बसलेच तर वाटभर त्याला गाडी चालवायला शिकवतात! एका टॅक्सीवाल्यानं तर मध्येच गाडी थांबवून विचारलं, “आजोबा, तुम्ही चालवताय की मी?”

लेकीनं फोनवर निकाल देऊन टाकला. “आई, ती गाडी भंगारात दे. मी रविवारी येतेच आहे, न्यायला माणूसही सोबत आणते. चावी नाही, चालवणारा कुणी नाही, नुसती जागा अडवून बसलीये.”

लेकीचं काही चुकलं नव्हतं. पण ‘चालवणारा कुणी नाही’ हे शब्द काकूंना लागले. कारण काकूंकडे लायसन्स होतं.

लग्नानंतर लवकरच त्या हौसेनं ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या होत्या. तिथले मास्तर महाखडूस, कौतुकाच्या नावानं शंख. पण तेही म्हणाले होते, “बाई, हात चांगलाय तुमचा.” परीक्षेत पहिल्या झटक्यात पास. मग ज्या दिवशी म्हातारीवर बसायचं ठरलं, त्या दिवशी सासरचं सगळं गणगोत अंगणात जमलं, जणू सर्कसच आली होती. काकू बसल्या, चावी घातली, फिरवली. फिरेचना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. “चावीच अडकतेय हो,” त्या म्हणाल्या, आणि नणंदेनं मागून टोला हाणला, “नाचता येईना, अंगण वाकडं!” सगळे खो खो हसले. काकांनी खिडकीतून हात आत घातला, काय केलं कुणास ठाऊक, म्हातारी एका झटक्यात जागी झाली. “तिला माझ्या हाताची सवय आहे गं,” ते म्हणाले. कुत्सितपणे नाही म्हणाले, प्रेमानंच म्हणाले. पण म्हणाले.

त्यानंतरही काकूंनी कुणी नसताना चार-दोनदा प्रयत्न केला. नाहीच. मग त्या वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या, त्या कायमच्या. त्या बाजूच्या दाराला एक खोड होती. आतली कडी नुसती ओढून भागायचं नाही. आधी ती वर उचलायची आणि मग खांद्यानं दार ढकलायचं. काकू झोपेतसुद्धा ते दार उघडतील. काकांना ही खोड ठाऊकही नव्हती, कारण ते त्या बाजूला बसले होते कधी? लायसन्स मात्र काकूंनी दर वेळी मुदत संपायच्या आत नवं करून घेतलं. “कशाला?” असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “असू दे.”

या वेळी त्यांनी मनाशी ठरवलं. चावी करून घ्यायची. आपल्या हाताला लागली तर गाडी आपण चालवायची. नाही लागली तर रविवारी भंगारवाल्याच्या हवाली करायची आणि पुन्हा तोंडातून गाडीचं नाव काढायचं नाही.

“करून काय करणार चावी?” काका पलंगावरून म्हणाले. “फिरवणार कोण?”

“बघू,” काकू म्हणाल्या.

चावीवाला आला तो बोलतच आला. गुटगुटीत माणूस, गळ्यात चष्मा, हातात पत्र्याची पेटी. “आमची कानस आणि आमचं तोंड एकदमच चालतं, काकू, सवय करून घ्या,” असं त्यानं आल्या आल्याच सांगितलं. त्यानं दाराच्या कुलपात कोरी चावी घातली, जोर देऊन पिळली, बाहेर काढून उजेडात धरली. आतल्या पट्ट्या जिथे रुतल्या होत्या तिथे पितळेवर बारीक चकचकीत ठिपके उमटले होते. ज्या जागी ठिपका, त्या जागी कानस. पुन्हा घालायची, पुन्हा पिळायची, पुन्हा बघायची. मेव्हण्याच्या उचापतींची गोष्ट रंगात आली आणि त्या नादात कानशीचा एक हात जास्त बसला. “गेली कामातून!” म्हणून त्यानं ती चावी पेटीत भिरकावली आणि मेव्हण्यालाच दोन शिव्या हासडून दुसरी घेतली. काकू पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. 

दुसऱ्या चावीनं दार उघडलं. आतून जुन्या सीटचा कोंदट वास आला. बॅटरी पार झोपली होती, म्हणून चावीवाल्यानं शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी वायरींनी जोडून घेतली. मग आत बसून तो स्टिअरिंगजवळच्या कुलपावर वाकला, चष्मा लावला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच गप्प झाला.

“काकू, गाडी कोण चालवायचं?”

“हेच. दुसऱ्या कुणाच्या हाताला चावी लागतच नाही. माझ्या तर नाहीच नाही.”

चावीवाला हसला. “अहो, कुलपाला हात कळत नाही, दात कळतात. हे बघा, भोक वरच्या अंगाला किती झिजलंय. तुमची आधीची चावी सदोष होती. केसभर बाहेर ओढायची, वर दाबून धरायची आणि मग फिरवायची, तरच लागणार. वर्षानुवर्षं कुणीतरी तसंच केलंय. ज्याला ही मेख ठाऊक त्याला लागणार, ज्याला नाही त्यानं मरेस्तोवर फिरवली तरी लागायची नाही.” त्यानं उतरून जागा करून दिली. “बसा. आता सरळ घाला आणि सरळ फिरवा.”

काकूंनी तळहात कपड्याला पुसला. चावी घातली. फिरवली. तेल दिलेल्या कडीसारखी ती अलगद फिरली, म्हातारी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

आधी काकूंना हसू फुटलं, अगदी लहान पोरीसारखं. आणि पाठोपाठ संताप आला. अंगण वाकडंच होतं! उभा जन्म ज्या हाताला त्या दोष देत आल्या, त्या हातात काही दोष नव्हता. आणि ते एका माणसाला पक्कं ठाऊक होतं.

त्या आत गेल्या. काका उशीला टेकून खिडकीकडे कान लावून बसले होते.

“लागली?”

“पहिल्या झटक्यात.” काकू दारातच उभ्या राहिल्या. “केसभर बाहेर ओढायची, वर दाबायची, मग फिरवायची. असंच ना?”

काकांनी नजर खिडकीकडे वळवली.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग एका शब्दानं सांगितलं का नाही हो?”

काकांनी पांघरुणाची कड उगाच सारखी केली. “तू पहिल्यांदा बसलीस त्याच संध्याकाळी सांगणार होतो. पण तूच म्हणालीस, जाऊ द्या, तुम्हीच चालवा. आणि मला... बरं वाटलं गं. ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं, घरात वडिलांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. ही एकच गोष्ट होती जी माझ्यावाचून हलत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं. आणि मग सांगायची लाज वाटायला लागली.”

“माझा हात वाईट नव्हता,” काकू म्हणाल्या.

“नव्हता. कधीच नव्हता.”

काकूंना रडू आलं, ते रागाचं. बोलायला डोंगराएवढं होतं, पण त्यातलं एकही वाक्य धड जुळून येईना. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “चला, आवरा. व्यायामाला उशीर होईल.” आणि लेकीला फोन लावून रविवारी माणूस आणू नकोस, एवढंच सांगून ठेवून दिला. का, ते सांगितलं नाही.

काका वॉकर टेकत टेकत आले, आणि सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला वळले. मग थबकले आणि वळसा घालून पलीकडे गेले. गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांची शिकवणी सुरू झाली. “गिअर बदल. अगं, क्लच सोड हळू.”

“गप्प बसा,” काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्या त्यांना पहिल्यांदाच म्हणाल्या असतील. काका गप्प बसले. पाय मात्र नसलेला ब्रेक दाबतच राहिला. चौकात गाडी एकदा बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवून जीव घेतला, पण काकूंनी चावी सरळ फिरवली आणि निघाल्या.

हॉस्पिटलच्या दारात त्या उतरल्या, मागचा वॉकर काढला आणि वळसा घालून पलीकडे आल्या. काका अजून आतच होते. कडी ओढत होते. पुन्हा ओढत होते. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली, दारावरचा रखवालदार टक लावून बघायला लागला. काकांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला.

“दार उघडत नाहीये गं हे!” ते काचेआडून ओरडले.

तो घाम काकूंच्या ओळखीचा होता. नणंदेची म्हण त्यांच्या अगदी ओठांवर आली. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिची चवही घेऊन झाली. मग त्यांनी बाहेरून दार उघडायला हात पुढे केला, आणि तो मागे घेतला. खाली वाकून त्यांनी काचेजवळ तोंड नेलं.

“कडी आधी वर उचला. आणि मग खांद्यानं ढकला.”

काकांनी कडी वर उचलली, खांदा लावला. दार उघडलं. ते तसेच कडी धरून बसून राहिले, काकूंकडे बघत.

“एवढंच होतं?” त्यांनी विचारलं.

“एवढंच होतं,” काकू म्हणाल्या, आणि वॉकर पुढे केला.