डॅरलच्या वाटचं भांडण

गाडी रस्ता सोडून चरात गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. समोर पांढरं, मागे पांढरं आणि काचेवर वायपर नुसते वेड्यासारखे फिरत होते. गाडी हळूच एका अंगावर कलली, मऊ कशावर तरी टेकली आणि थांबली.

"रस्त्यावरून उतरलो आपण," शेजारी बसलेले ऑर्लिन म्हणाले.

"दिसतंय मला," जनेल म्हणाली.

"नाही, तू काही बोलली नाहीस, म्हणून म्हटलं."

ऑर्लिन हॉगन म्हणजे जनेलचे सासरे. पंचाहत्तरी ओलांडलेली, हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवलेल्या, तोंड मात्र एकदम शाबूत. जेम्सटाउनला हृदयाच्या डॉक्टरांकडे दाखवून दोघं शेतावर परत निघाली होती. वादळ रात्री येणार असं रेडिओ सांगत होता. ते जेवणवेळ टळायच्या आतच आलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाई म्हणालीही होती, थांबा म्हणून. पण उत्तर डकोटातल्या माणसाला वाऱ्याची भीती वाटली तरी ती दुसऱ्यासमोर कबूल करायची लाज वाटते. ऑर्लिन म्हणाले, "ह्यॅ, हे काय वादळ!" आणि जनेलनेही किल्ली फिरवली. तिला आता स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या.

डिकीत सगळं होतं. फावडं, घोंगडी, मेणबत्ती, ती लावायला कॉफीचा रिकामा डबा. हिवाळ्यात हे न घेता तिकडे कुणी दूधसुद्धा आणायला जात नाही. नव्हते ते फक्त ऑर्लिनचे कपडे. डॉक्टरांकडे जायचं म्हणून स्वारी चर्चचे पातळ तळव्याचे बूट आणि इस्त्रीचा कोट घालून आली होती. शेतावरचा जाडजूड पोशाख घरी खुंटीला टांगलेला. त्या पिढीच्या पुरुषांना हा रोगच आहे. मरायला टेकले तरी डॉक्टरांसमोर नीटनेटकं दिसायचं.

जनेलने मदतीचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "गाडीतच बसून राहा, मॅडम. बर्फ काढणाऱ्या गाड्यासुद्धा आम्ही परत बोलावल्यात. वारा उतरल्याशिवाय कुणाला पाठवता येणार नाही."

"माझ्याबरोबर म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा कोण?" ऑर्लिन गुरगुरले.

"त्यांना ऊब द्या," मुलगी म्हणाली, "आणि झोपू देऊ नका."

जनेलने फोन ठेवला. "आता डॅरलला कळवते."

"मुळीच नाही!" ऑर्लिननी तिच्या हातावर हात ठेवला. "तो ट्रॅक्टर घेऊन निघेल. या पांढऱ्यात पोरगं वाट चुकून मरेल. आणि शिवाय..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

त्या 'शिवाय'चा अर्थ जनेलला पाठ होता. चार वर्षांपूर्वी सणाच्या जेवणाला, टर्की अजून कापायची होती तेव्हा, बापलेकांत, म्हणजे ऑर्लिन आणि जनेलचा नवरा डॅरल यांच्यात, जुंपली. त्या साली अमेरिकेची चीनशी आयातकरांची लढाई चालली होती, चीनने खरेदी थांबवली होती आणि हॉगनांचं सोयाबीन कोठारात पडून होतं. डॅरल म्हणाला, हे तुझ्या त्या लाडक्या राष्ट्राध्यक्षाने केलं. ऑर्लिन म्हणाले, देशासाठी एक वर्ष कळ काढता येत नाही तुला? डॅरल उठला. "तू चुकलास असं तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही," म्हणाला आणि शब्द पाळला. हॉगनांच्या घरात नको ते शब्द फार पाळतात.

गंमत म्हणजे शेती दोघं एकत्रच करत होते. एकाच अंगणात दोन घरं, एकच कोठार, एकच ट्रॅक्टर. बोलणं सगळं जनेलमार्फत. "सांग त्याला, पेरणी सोमवारी." "विचार त्याला, डिझेल कुणी संपवलं." दोघं समोरासमोर उभे आणि मध्ये ही, टपालखात्यासारखी. आणि तिने स्वतःच्या गाडीत नियम घालून दिला होता: हवामान, हॉकी आणि पोरांची लग्नं, एवढंच. राजकारणाचा ब्र काढायचा नाही. जनेलला स्वतःला कुणाचं पटतं, हे मात्र त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

गाडी चालू ठेवायची तर सायलेन्सरची नळी मोकळी हवी, नाहीतर विषारी धूर आत. जनेल फावडं घेऊन बाहेर पडली. एक हात गाडीवरून काढला असता तर तिला गाडी पुन्हा सापडली नसती. बर्फाचे कण तोंडावर वाळूसारखे ओरबाडत होते. नळीपाशी वाकून तिने पाठ वाऱ्याला केली आणि डॅरलला निरोप टाकला: चरात अडकलोय, जुन्या कोठाराच्या अलीकडे कुठेतरी, तुझे वडील गारठतायत. उत्तर लगेच आलं. "निघतो. कुंपणाच्या तारेला धरून येतो." नंतर फोन गप्पच झाला. आता तिला दोघांची काळजी.

आत येऊन तिने ऑर्लिनना काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर, पुन्हा नळी. तिसऱ्यांदा ती उकरत होती तोवर बर्फ मागून भरतच होता. तिने हार मानली आणि इंजिन बंद केलं. मग नुसती डब्यातली मेणबत्ती आणि गाडी हलवणारा वारा. काचा आतून पांढऱ्या झाल्या. जनेलला वाटलं, आपल्याला कुणीतरी खोक्यात घालून वरून झाकण लावलंय.

"जरा डोळा लागतोय," ऑर्लिन म्हणाले.

"लागू द्यायचा नाही. बोला काहीतरी. हॉकीचं काय झालं?"

"हरले."

"आणि शेजारच्या मार्लिसच्या नातीचं लग्न?"

"झालं असेल." डोळे मिटलेलेच.

तिने त्यांना हलवलं, हात चोळले, गाणं म्हणायला लावलं. ते दोन ओळी गुणगुणले आणि मान कलली. त्यांच्या ओठांचा रंग तिला आवडला नाही. काय बोललं की हा माणूस जागा होतो? साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं ते. तिने स्वतःचा नियम मोडला.

"खरं सांगू, ऑर्लिन? तुमच्या त्याने शेतकऱ्याला नुसतं वापरून घेतलं."

एक डोळा उघडला. "काय म्हणालीस?"

"मतं मागायला आला तेव्हा टोपी घालून ट्रॅक्टरवर बसला. निवडून आल्यावर ट्रॅक्टरचं तोंड तरी पाहिलं का?"

"आणि तुमच्या पक्षाची ती?" ऑर्लिन सावरून बसले. "ती कधी या राज्यात उतरली तरी का? विमानातून खाली बघत जाते! आम्ही काय, नकाशातली रिकामी जागा?"

"निदान म्हाताऱ्यांची औषधं तरी स्वस्त करायला बघते. तुमच्या जाळ्या काय तुमच्या त्याने बसवल्या?"

"माझ्या जाळ्या मध्ये आणू नकोस!"

"आणणार! सरकारी विम्यावर जाळ्या बसवायच्या आणि घरी येऊन सरकारच्या नावाने खडे फोडायचे!"

"तो विमा मी जन्मभर कर भरून मिळवलाय, पोरी! भीक नाही ती!" त्यांच्या गालावर रंग चढला. तिला तो रंग पाहून इतकं बरं वाटलं की ती आणखी जोरात ओरडली.

एकेक करून तिने सगळं काढलं. सीमेवरची भिंत, बंदुका, मक्याचं इंधन, मागच्या निवडणुकीतली मतमोजणी. चार वर्षं रात्रीच्या जेवणाला डॅरल बटाट्यांशी जे वाद घालायचा ते तिला तोंडपाठ होते. त्याच्यासारखाच तिने टेबलावर, म्हणजे स्टिअरिंगवर, हात आपटला.

"ही तुझी अक्कल नव्हे," ऑर्लिन म्हणाले. "हे त्या गाढवाचे शब्द आहेत."

"तो गाढव कुणावर गेलाय?"

ऑर्लिन हसले. हसता हसता खोकले. खोकला थांबला आणि त्याबरोबर कापणंही थांबलं. इतका वेळ त्यांचे दात वाजत होते, ते जनेलला तेव्हा जाणवलं. कापणं थांबणं चांगलं नव्हे, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"ऑर्लिन? मी काय म्हणते, ते चीनवरचे कर..."

"डॅरल," ते म्हणाले. तिच्याकडेच बघत होते, पण नजर तिच्यावर नव्हती. "डॅरल, आरडाओरडा नको. दमलो मी."

"मी जनेल आहे."

"तुझंच खरं रे बाबा. सोयाबीनचं. तू म्हणत होतास तसंच झालं. चुकलो मी." त्यांचा आवाज एकदम मऊ, समंजस झाला होता. "झालं ना समाधान? आता झोपू दे."

याच एका वाक्यासाठी डॅरल चार वर्षं अडून बसला होता. तिने स्वतःही प्रार्थनेत कितीदा मागितलं असेल ते. आणि आता ते आलं तर तिला फक्त एवढंच कळलं, की ऑर्लिन हॉगन 'चुकलो' म्हणतोय म्हणजे हा माणूस चालला.

"नाही!" ती किंचाळली. "नाही चुकलात तुम्ही! चीनने लबाडी केली! तुम्हीच सांगत होता ना? सांगा ना मला! भांडा की!"

तिने त्यांच्या गालावर चापट मारली, मग दुसऱ्या गालावर. हॉगनांकडे मिठ्या मारायची पद्धत नाही. लग्नाच्या दिवशीही सासऱ्यांनी तिचा हातच हातात घेतला होता. तिने आपल्या कोटाची चेन उघडली, त्यांना ओढून छातीशी घेतलं, वरून घोंगडी गुंडाळली आणि त्यांच्या कानात रडत रडत त्यांचीच बाजू मांडत राहिली. कर कमी हवेत. सरकारने लुडबुड करू नये. शहरातल्यांना शेतीतलं काय कळतं. जे आठवेल ते. उत्तर आलं नाही, पण मानेवर त्यांचा श्वास लागत होता, बारीक, थांबून थांबून.

उजेड विझायला आला होता तेव्हा काचेवर पिवळा डाग दिसला. मग जमीन थरथरली. ट्रॅक्टर चराच्या काठावर येऊन थांबला आणि दार खेचून डॅरल आत वाकला. भुवया, मिशा, सगळं बर्फाने माखलेलं. त्याने बापाला पाहिलं आणि उचललं.

ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये एकच माणूस धड बसतो. जनेल बाजूच्या फळीवर कशीबशी टेकली, ऑर्लिन तिच्या मांडीवर आडवे. आत हीटर भणभणत होता. डॅरलने ट्रॅक्टर वळवून कुंपणाच्या तारेला लावला. मागे न बघता तो म्हणाला, "विचार त्याला, पाय जाणवतात का."

जनेलचं डोकं फिरलं.

"तूच विचार!" ती ओरडली. "मेल्या, तुझा बाप आहे तो! मी नाही विचारणार. यापुढे कध्धी काही विचारणार नाही, कुणाचं कुणाला!"

डॅरलने वळून बघितलं. बापाचा चेहरा मेणासारखा होता. डॅरलचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. चार वर्षं न वापरलेला आवाज असा पटकन कुठला सापडायला?

"काय बोलू?" त्याने जनेललाच विचारलं.

गाडीत ऐकलेलं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर डॅरल जिंकला असता. तिने ते गिळून टाकलं. ते कुणालाही कधीच सांगायचं नाही, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

"भांड त्यांच्याशी," ती म्हणाली. "मी दमले. आता तू भांड."

डॅरलने समोरच्या तारेवर नजर ठेवली. नाक ओढलं. "डॅड," तो म्हणाला, आणि आवाज फाटला. "डॅड, ऐकतोस का? सोयाबीनच्या बाबतीत तू चुकलास. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो. साफ चुकलास तू. ऐकतोयस ना? डॅड?"

इंजिनाच्या घरघरीत जनेलने कान ऑर्लिनच्या तोंडाशी नेला. बराच वेळ नुसता श्वास. मग मांडीवरचं डोकं किंचित हललं, डावीकडे, उजवीकडे.

"मुळीच नाही," ऑर्लिन म्हणाले.

"काय म्हणाला?" डॅरलने विचारलं.

जनेल रडत होती, हसतही होती. तिने काही सांगितलं नाही. डॅरलने ट्रॅक्टर थांबवला, मागे वळून बापाच्या तोंडापाशी स्वतः वाकला आणि पुन्हा विचारलं.