आधाराशिवाय

रक्त गरगर फिरवणारं मशीन थांबलं तशी डॉक्टर दिपानं आतली नळी काढून उजेडासमोर धरली. मघाशी सोनाजीच्या दंडातून काढलेलं रक्त तिच्यात दोन थरांत बसलं होतं, खाली लाल, वर पिवळसर.

"हे वरचं आपल्या कामाचं," ती सोनाजीच्या बायकोला, शालूबाईला म्हणाली. "यातली प्रथिनं जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात. रक्त पोचलं की मांस भरतं."

"तेच रगत रोज अंगात फिरून राहिलं ना? मग आपलं आपण काहून भरत न्हाई?"

"रक्तात 'वाढ' म्हणणारी प्रथिनं असतात, तशी 'थांब' म्हणणारीही असतात. दोघांचं जमावं लागतं. साखरेच्या रोग्यात ते बिघडतं. म्हणून 'वाढ' म्हणणारी गोळा करून थेट जखमेवर सोडायची. दोन-तीन महिने बघू. नाहीच भरलं तर पाय काढावा लागेल. घरी पट्टी तुम्ही बदला, पण सांगितलं तेवढंच लावा. हळद तर अजिबात नको."

वसमतसारख्या हळदीच्या पेठेत दवाखाना घालून हळदीला नाही म्हणायला छाती लागते. शालूबाईनं नुसती मान हलवली.

जखमही हळदीनंच दिली होती. शिजवलेल्या हळदीच्या वाफाळत्या ढिगावर सोनाजी अनवाणी उभा राहिला आणि साखरेनं बधिर झालेल्या पायाला भाजल्याचं कळलंच नाही. डावा पाय. हा पाय शालूबाईला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. लाथ घालायची झाली की सोनाजी डावाच उचलायचा. तीस वर्षांत किती वेळा, ते तिच्या कमरेला विचारावं. शेवटची लाथ गेल्या साली पडली, हळद काढणाऱ्या बायांच्या देखत, चहा गार झाला म्हणून. बाया खाली बघत राहिल्या आणि शालूबाई उठून पुन्हा चहा ठेवायला गेली. त्याच पायाच्या तळव्याला रुपयाएवढं भोक पडलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला आनंद झाला होता. त्याची लाज वाटावी असं तिला काही दिसलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं पट्टी सोडली. सोनाजी खाटेवर झोपला होता. जखम तशीच पांढरट होती. शालूबाई उठली आणि डब्यातली मूठभर हळद घेऊन आली. जखमेवर हळद दाबली म्हणून या मुलखात कुणी बाईला नावं ठेवत नाही. पाय गेला असता, तर उलट लोकांनी डॉक्टरलाच शिव्या घातल्या असत्या.

बाहेर ओट्यावर तिचा लेक सोमेश्वर मामाशी फोनवर बोलत होता.

"काढला तर काढला पाय, मामा. माय हाय की. उचलंल, बसवंल, हागंमुतं करंल. तिला कुटं जायचंय? तुमी बिलकुल घोर करू नका."

शालूबाईची मूठ तशीच राहिली. सोनाजीनं झोपेत कूस बदलली आणि पाय तिच्या मांडीला टेकवला. तिनं तो बाजूला केला, हळद डब्यात परत टाकली, हात साबणानं दोनदा धुतले आणि डॉक्टरनं सांगितली होती तशी पट्टी बांधली.

मग ती त्या पायाच्या मागेच लागली. घरातला गूळ शेजारी देऊन टाकला. सोनाजीनं चहात साखर मागितली तर कप उचलून न्यायची. तो शिव्या द्यायचा. ती दर गुरुवारी त्याला जीपमध्ये घालून वसमतला न्यायची. गावातल्या बाया म्हणायच्या, एवढं सोसूनही नवऱ्याचं किती करते. शालूबाई ऐकून घ्यायची.

सहाव्या गुरुवारी जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल भाग दिसला. डॉक्टरनं चिमट्यानं हळूच स्पर्श केला, तसं थोडंसं रक्त आलं.

"नव्या वाहिन्या," डॉक्टर खूश होऊन म्हणाली. "पाय वाचला, मावशी."

"चालतील कवा?"

"अजून महिना-दीड महिना."

"आधाराशिवाय?"

"आधाराशिवाय."

"तसं कागदावर लिहून द्याल का?"

डॉक्टरला वाटलं, बाई हरखून गेली आहे. जखम पुरती भरली त्या गुरुवारी तिनं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी शालूबाईला सोडायला फाट्यावर आला. ती दोन दिवस भावाकडे सेनगावला जाते, असं त्याला सांगितलं होतं. थांब्यावर गावातली सात-आठ माणसं होती. हिंगोलीची बस आली. शालूबाई चढली आणि खिडकीपाशी बसली.

"परवा येशील ना?" सोनाजीनं खालून विचारलं.

"न्हाई."

"मंग कवा?"

"येणारच न्हाई. हिंगोलीला पोरींच्या वसतिगृहात सैपाकाचं काम धरलंय." तिनं घडी केलेला कागद खिडकीतून त्याच्या हातात दिला. "तुमाला आता कोनाचा आधार लागत न्हाई. डॉक्टरीनबाईनं लिहून देलंय. कोनी इचारलं तर दाखवा."

"अन् माझं कोन करंल?"

"पाय गेला असता तर मलाच करावं लागलं असतं. म्हनून तर वाचवला."

कंडक्टरनं घंटी मारली. सोनाजी खिडकीची कड धरून चार पावलं चालला, मग कड सुटली तरी बसमागं चालत राहिला. शालूबाईनं वळून नीट पाहिलं. तो कुठंच लंगडत नव्हता.