बावीस नंबरची वाकडी रेघ

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं सरकारी जमिनींची मोजणी केली आणि तेवढीच वर्षं माझ्याशी संसार. दोन्हीकडे त्यांची कधीच चूक झाली नाही, असं त्यांचं म्हणणं. कपाटाचं दार उघडत नसेल तर भिंत वाकडी. त्यांनी केलेली भाजी खारट झाली तर दोष मिठाचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्ख्या इमारतीला टेप लावला. कुणाची कुंडी चार बोटं पुढे आलीय, कुणाचं पायपुसणं दुसऱ्याच्या हद्दीत जातंय, सगळं तोंडपाठ. लोक त्यांना मान द्यायचे आणि ते दिसले की दुसऱ्या जिन्याने जायचे.

चहूकडे इमारती उठल्यावर मोकळं म्हणावं असं आमच्यामागचं मैदान आणि त्यापलीकडचा नाला एवढंच उरलं होतं. त्या मैदानावरही खडी पसरली आणि गाड्यांच्या जागा आखायचं काम ह्यांच्याकडे आलं. दोरी धरायला मी. एकवीस नंबरपर्यंत सगळं सरळ गेलं. पुढचं पाऊल टाकणार तोच हे म्हणाले, "हलू नकोस."

माझ्या चपलेपासून वीतभरावर चार अंडी होती. खडीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. आणि टिटवी लांब कुंपणापाशी बोंब ठोकत होती, जणू अंडी तिकडेच आहेत.

बावीस नंबर सोसायटीच्या अध्यक्षांचा. त्यांचं चष्म्याचं दुकान, गाडी नवी कोरी, आणि परवा, एक तारखेला, ती इथे उभी राहणार होती. मी म्हटलं, सरळ सांगून टाकू. हे म्हणाले, सांगितलं की चाळीस घरं बघायला लोटतील, एखादा हातात घेऊनही बघेल. पिल्लं निघायला अठ्ठावीस दिवस लागतात हेही त्यांना ठाऊक, जन्म माळावर गेलेला. एवढं बोलून ते पुन्हा दोरी ताणू लागले. रेघ सरळच जायला हवी म्हणून हा माणूस अंड्यांवरून चुन्याची फक्की टाकणार, याची मला खात्रीच पटली. मी माझं टोक तिथेच टाकलं आणि तणतणत घरी आले.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर पांढरी रेघ दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात गेलेली. एकवीस फुगलेला, तेवीस फुगलेला, मधला बावीस इतका चिंचोळा की सायकल मावू नये. तिन्हींभोवती खुंट्या आणि दोरी. एकवीस-तेवीसवाल्यांकडे अजून गाड्याच नव्हत्या.

सकाळी अध्यक्ष आले. चष्मा पुसून त्यांनी रेघ दोनदा पाहिली. मीही खाली धावले, कारण खापर आता खडीवर फुटतं की माझ्यावर, एवढंच बघायचं होतं. हे चपलेकडे बघत म्हणाले, "चूक झाली. माझीच."

चौतीस वर्षांत हे तीन शब्द माझ्या कानावर पडले नव्हते. वेळ आली तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. इथे तर तिने आमच्या ह्यांना नमवलं. खरं सांगते, मला त्या पाखराचा हेवा वाटला.

सगळी रांग पहिल्यापासून मोजावी लागेल, महिना जाईल, घाई केली तर पुन्हा चुकेन, असं हे पुढे म्हणाले. अध्यक्ष भडकतील असं मला वाटलं होतं. ते इतके खूश झाले की महिनाभर गाडी रस्त्यावर लावायला एका पायावर तयार झाले. दुपारपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. कुंडीवाल्या बाई आल्या, पायपुसणंवाले आले. ज्याला ज्याला ह्यांनी टेप दाखवला होता, तो तो दोरीशी उभा राहून वाकडी रेघ डोळे भरून बघून गेला. काहींनी पाहुणे आणले. टिटवी कुंपणापाशी बोंबलायची, हे खाली मान घालून टोमणे ऐकायचे, आणि तीन हातांवरची अंडी एकालाही दिसली नाहीत. चष्मेवाल्यांनाही नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी चार पिल्लं तुरुतुरु चालत कुंपणाखालून नाल्याकाठच्या गवतात गेली. आम्ही दोघं खिडकीत होतो. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मग खाली जाऊन तासाभरात त्यांनी रेघ सरळ केली.

अध्यक्षांनी गाडी लावली आणि ते ह्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "होतं असं, वय झालं की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी मला बाजूला ओढलं.

"गप्प बस," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी ती परत येणार. मला पुन्हा चुकायचंय."